वाचकांचे प्रश्न : तीन चेंडू, एक तांब्या आणि एकटा माणूस

या सदरात सहसा नाटक, एकांकिका आणि एकपात्री प्रयोग यांविषयीची पत्रे येतात. यंदा मात्र शाळांची स्नेहसंमेलने आणि गावोगावच्या जत्रा सुरू झाल्यापासून पत्रांचा सूर पालटला आहे. चेंडू झेलणारा, लोकांना हसवणारा आणि घरातली भांडीकुंडी पात्रांसारखी वागवणारा एकटा कलावंत अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला दिसतो, आणि काहींना तर स्वतःच तसा प्रयोग उभा करायचा आहे. त्यांतील सहा पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेत एका तरुणाने पाऊण तासाचा प्रयोग केला. पत्र्याच्या पेटीतून त्याने तीन कापडी चेंडू, एक पितळी तांब्या आणि मोडकी छत्री काढली. चेंडू झेलता झेलता त्याची सारखी फजिती होत होती. शेवटी त्याने तांब्याला रुमालाचा फेटा बांधला, तेव्हा हा कोणी तापट सासरा बसला आहे असेच आम्हां सर्वांना वाटू लागले. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘ही सर्कस झाली, नाटक नव्हे.’ ही कला नेमकी कोणती, आणि तिला नाटक म्हणावे का?
— निवृत्त शिक्षक, उदगीर

उत्तर : आपण जे पाहिलेत त्यात तीन निराळ्या कला एकत्र आलेल्या आहेत, आणि त्या तिघींचे वस्तूशी असलेले नाते परस्परविरोधी आहे. प्रयोगाची सारी गंमत या विरोधातच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली कला जगलिंगची, म्हणजे वस्तू एकामागून एक हवेत फेकून झेलण्याची. ती फार जुनी आहे. इजिप्तमधील बेनी हसन येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवर चेंडू झेलणाऱ्या स्त्रिया चितारलेल्या आहेत. वस्तूने आपले ऐकावे, सांगितलेल्या उंचीपर्यंत जावे आणि ठरलेल्या क्षणी हातात यावे, एवढीच या कलेची मागणी असते. दुसरी कला विदूषकाची. तिची परंपरा आपल्याकडे नाट्यशास्त्रापासून आहे. त्या ग्रंथातील विदूषक बुटका, दात पुढे आलेला, पोक काढलेला आणि टकला असा वर्णिलेला आहे. तमाशातील सोंगाड्या दिसायला तसा नसला तरी त्याच कुळीचा. विदूषकाचे वस्तू कधीच ऐकत नाही. खुर्ची मोडते, छत्री उलटी होते, टोपी डोक्यावर न बसता नाकावर घसरते, आणि तरीही तो खटपट सोडत नाही. तिसरी कला वस्तुनाट्याची. हे नाव तुलनेने अलीकडचे असून फ्रान्समधील काटी देविल या रंगकर्मीने ते १९८० साली रूढ केले. बाहुली ही कोणीतरी होण्यासाठीच घडवलेली असते. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली जन्मतःच राजा किंवा राक्षस असते. तांब्याचे तसे नाही. तो पाणी पिण्यासाठी केलेला आहे, रंगमंचावर आल्यावरही तो तांब्याच राहतो, आणि तांब्या राहूनच सासरा होतो.

उदगीरचा तो सासरा आपल्याला का पटला असावा, हे आता पाहू. पितळी तांब्याचे पोट सुटलेले असते, मान आखूड असते आणि तो जिथे ठेवावा तिथे जड बसतो. पाहुण्याच्या घरी लोडाला टेकून बसलेल्या माणसाचाच हा आकार आहे. कलावंताने त्याचा आवाज काढला नसेल, डोळे रंगवले नसतील. त्याने फक्त फेटा बांधला आणि स्वतः दोन पावले मागे सरकून पायांतील चपला काढल्या असतील. तांब्याला जीव येतो तो समोरच्या माणसाच्या वागण्यामुळे. त्याच तांब्यात पुढे चुकून चेंडू पडला आणि ‘ठण्ण’ असा आवाज झाला, की तो सासऱ्याचा शेरा ठरतो. चेंडू जगलरचा, चूक विदूषकाची आणि आवाज तांब्याचा असतो. प्रेक्षकाला मात्र ही एकच गोष्ट दिसते.

वस्तूला आठवण असते, आणि ती प्रदेशागणिक बदलते. रिकामी प्लॅस्टिकची घागर पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर ठेवली तर ती नुसती घागर आहे. तीच लातुरात ठेवली, तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराला तिच्याविषयी काही सांगण्याची गरज उरत नाही. मराठवाड्यात असा प्रयोग करणाऱ्याने परदेशी चित्रफितींतील सुटकेस आणि गोल टोपी उचलण्याआधी स्वतःच्या घरातील माळ्यावर एकदा नजर टाकावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सूप, चाळण, रवी, कंदील, धान्याचे पोते आणि दार ओढल्यावर करकरणारी जुनी फडताळे यांच्यात नाट्य आधीच साठलेले असते.

आता आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप. सर्कस हा शब्द त्यांनी कमीपणाच्या अर्थाने वापरला, हे मला खटकले. आधुनिक सर्कशीचा आरंभ लंडनमध्ये १७६८ साली फिलिप ॲस्टली यांच्या घोडेस्वारीच्या खेळांनी झाला, आणि आपल्याकडे १८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. म्हणजे या कलेशी मराठी माणसाचे नाते जवळजवळ दीडशे वर्षांचे आहे. तरीही फरक आहेच. सर्कशीत एक कसब संपले की तो खेळ संपतो आणि पुढचा सुरू होतो. दोन खेळांमधली फट भरून काढणे हे तिथे विदूषकाचे काम असते. आपण पाहिलेल्या प्रयोगात ती फटच मध्यभागी आणून ठेवलेली आहे. ओळखण्याची एक साधी कसोटी सांगतो. तांब्याच्या जागी स्टीलचा पेला ठेवला असता प्रयोग बिघडला असता का? बिघडला असता, तर ते नाटक आहे.

प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेतील मुलांना जगलिंग शिकवण्याची इच्छा आहे. चेंडू घरी तयार करता येतील का? किती दिवसांत जमते?
— शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : बाजारचे चेंडू घेऊ नका. रबरी चेंडू पडला की उसळून बाकाखाली जातो, आणि मुलांचा निम्मा वेळ तो शोधण्यात जातो. जुन्या धोतराचे किंवा गणवेशाचे जाड कापड घेऊन सुमारे साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे चेंडू शिवावेत आणि त्यांत ज्वारी भरावी. असा चेंडू साधारण शंभर ग्रॅमचा होतो, आणि लहान हातांना तेवढा पुरतो. तो ठासून भरू नये. किंचित सैल असलेला चेंडू हाताच्या खळग्यात बसतो आणि जमिनीवर पडला की जिथल्या तिथे राहतो. ज्वारी भरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात चेंडूतून सोंडे बाहेर येतील. ते पाहून मुले खूश होतील. आपण होणार नाही.

शिकवताना एका चेंडूपासून आरंभ करावा. एका हातातून दुसऱ्या हातात तो डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान करून गेला पाहिजे, आणि ही कमान कंटाळा येईपर्यंत एकसारखी आली पाहिजे. मग दोन चेंडू. पहिला कमानीच्या माथ्यावर पोहोचला की दुसरा त्याच्या खालून सोडायचा. येथे बहुतेक मुले दुसरा चेंडू न फेकता चोरून दुसऱ्या हातात देतात. ती खोड तिथेच मोडावी, कारण तिसरा चेंडू आल्यावर ती मोडत नाही. नजर हातांवर नसावी, चेंडू जिथे वळतो त्या जागेवर असावी. समोर बाज किंवा टेबल असेल तर पडलेले चेंडू उचलण्यासाठी दर वेळी वाकावे लागत नाही. रोज दहा मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा केलेल्या तासाभराच्या सरावापेक्षा अधिक उपयोगी पडतो. काहींना तीन चेंडू आठवड्यात येतात, काहींना महिना लागतो, आणि उशिरा शिकणारी मुले पुष्कळदा अधिक नेटकी फेकतात.

वरच्या वर्गातील मुलांना यातील गणितही दाखवता येईल. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांना जगलिंगचा इतका नाद होता की अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या ओवरीतून ते एकचाकी सायकलवर बसून चेंडू झेलत जात. त्यांनी मांडलेले समीकरण असे : चेंडूचा हवेतील काळ आणि हातातील काळ यांच्या बेरजेचे हाताचा रिकामा काळ आणि भरलेला काळ यांच्या बेरजेशी जे प्रमाण असते, तेच चेंडूंच्या संख्येचे हातांच्या संख्येशी असते. हात दोनच असल्यामुळे चेंडू वाढवायचे तर त्यांना हवेत जास्त काळ ठेवावे लागते. एक मीटर वर फेकलेला चेंडू सुमारे ०.९ सेकंदात परत येतो. हा काळ दुप्पट करायचा तर उंची दुप्पट करून भागत नाही. ती चौपट, म्हणजे चार मीटर करावी लागते. शाळेच्या खोलीत इतकी उंची नसते, आणि छताला पंखा असतो. त्या पंख्याविषयी पुढच्या उत्तरात लिहितो.

प्रश्न : मी गेली दोन वर्षे एकट्याने प्रयोग करतो. मागच्या महिन्यात आमच्या भागातील एका जत्रेत चार चेंडूंचा खेळ करताना माझ्या हातून तीनदा चेंडू पडला. लोक हसले. मला राग आला, मी दोन-तीन जणांना सुनावले आणि प्रयोग कसाबसा संपवला. तेव्हापासून उभे राहण्याचे धैर्य होत नाही. मी केवळ जगलिंगच करावे की केवळ विनोद?
— कलावंत, नांदेड जिल्हा

उत्तर : आपल्याला सल्ला देण्याचा अधिकार मी एका फजितीतून मिळवला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या खोलीत, मी पाच चेंडू फेकण्याचा हट्ट धरला होता. पंखा बंद करावा हे मला सुचले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. तिसऱ्याच फेकीला एक चेंडू पात्याला लागला, शिवण उसवली आणि पहिल्या रांगेतील पाहुण्यांच्या अंगावर ज्वारीचा वर्षाव झाला. मागून एक मुलगा ओरडला, ‘सर, अक्षता!’ आपल्याकडे लग्नात तांदळाऐवजी रंगीत ज्वारी टाकतात, हे आपण जाणताच. सारी खोली हसली. मी मात्र रागाने त्या मुलाकडे पाहिले, दुसरा चेंडू काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या मुलाने माझ्या हातात आयता प्रवेश दिला होता. मी नुसते हात जोडून, मान खाली घालून, नवरदेवासारखा उभा राहिलो असतो तरी पुरले असते. तो क्षण मला आजही छळतो. फुटलेल्या चेंडूचे काही वाटत नाही.

पॅरिसमध्ये १९५६ साली नाट्यशाळा काढणारे झाक लकॉक यांनी आपल्या वर्गातील एक अनुभव सांगितला आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक करून पुढे येऊन सर्वांना हसवण्यास सांगितले. विद्यार्थ्यांनी कोलांट्या मारल्या, शब्दांचे खेळ केले, पण कोणीही हसले नाही. शेवटी ते हताश होऊन, ओशाळून जागेवर जाऊन बसू लागले, तेव्हा मात्र सारे हसू लागले. प्रयत्न फसल्यानंतर माणूस जसा उघडा पडतो, त्याला लोक हसले. जत्रेत आपल्याला नेमके हेच साधले होते, आणि आपण ते रागावून घालवले.

म्हणून ‘हे की ते’ हा प्रश्न सोडून द्यावा, आणि चेंडू पडल्यानंतरच्या चार सेकंदांचा सराव करावा. बहुतेक जगलर चेंडू पडताच झटकन वाकून तो उचलतात, जणू कोणी पाहिलेच नाही. तसे करू नये. थांबावे. आधी चेंडूकडे पाहावे, मग प्रेक्षकांकडे, मग पुन्हा चेंडूकडे. आता चेंडू हे पात्र झाले. तो रुसला आहे का, झोपला आहे का, की त्याला यायचेच नाही, हे आपल्या चालण्यावरून ठरेल. त्याला मनवायला जाताना उरलेल्यांतील एक हातून निसटला तर आणखी उत्तम. त्याच जागी तिसऱ्यांदा चेंडू पडला तर मात्र तो खेळ त्या दिवसापुरता सोडावा आणि तीन चेंडूंवर यावे. लोकांचा विश्वास दोन चुकांपर्यंत टिकतो, तिसरीनंतर त्यांना आपली काळजी वाटू लागते, आणि काळजीत पडलेला माणूस हसत नाही.

मुद्दाम पाडायचा असेल तर एक सावधगिरी बाळगावी. खोटे पाडणारा कलावंत चेंडू सुटण्याआधीच जमिनीकडे पाहतो. खरा चेंडू पडतो तेव्हा नजर अजून वरच असते, आणि हात रिकाम्या हवेत मिटतो. जत्रेतील प्रेक्षकाला हा फरक शब्दांत सांगता येणार नाही, पण तो फसणारही नाही. आणि हो, ज्यांना सुनावलेत त्यांच्या गावी पुढच्या वर्षी जरूर जावे. त्यांना आपण आठवत असाल.

प्रश्न : उघड्या मैदानावर रात्री पेटते पलिते फेकण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जालना

उत्तर : विचार सोडून देण्याची. कापडी मांडव, वाळलेली वैरण आणि पुढे सरकत येणारी लहान मुले असताना पलित्याला जागा नाही, आणि आपल्या प्रयोगात त्याचे कामही दिसत नाही. मैदानावर दिवसा करणार असाल तर सूर्य बाजूला येईल असे उभे राहा. समोर आला तर चेंडू दिसणार नाही, पाठीशी आला तर प्रेक्षकांचे डोळे दिपतील. वारा असेल तर हलके स्कार्फ पेटीतच ठेवा. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वर्ज्य आहे, आणि मैदानाची परवानगी ग्रामपंचायत व पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी आधी घेतलेली बरी.

प्रश्न : या परदेशी थेरांना आपण इतके महत्त्व का देता? शिवाय चेंडू झेलणे, कसरती करणे हे डोंबाऱ्याचे काम. सुशिक्षित घरातील मुलांनी ते करावे का?
— ज्येष्ठ वाचक, पैठण

उत्तर : आपले पत्र पैठणहून आले आहे, म्हणून उत्तरही तिथलेच देतो. संत एकनाथांनी भारुडे रचली तेव्हा वासुदेव, जोशी, भुत्या यांच्या तोंडून बोलणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. विंचू चावल्याचे भारूड सादर करणारा कलावंत आजही आधी वेदनेने कळवळतो, मग लोकांना हसवतो आणि त्यानंतर अर्थ सांगतो. एकट्याने सोंग घेऊन, अंगविक्षेपांनी हसवत, मूळ मुद्द्याकडे नेण्याची ही रीत नाथषष्ठीच्या गर्दीत आपण पाहिलेली असणार. एकट्या नटाने रंगमंच भरून टाकण्याचे उदाहरणही मराठवाड्याला बाहेरून आणावे लागत नाही. येथील विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी एकाच प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. वस्तुनाट्य हे नाव परदेशी आहे, हे मान्य. तांब्या आपला आहे.

आपल्या पत्रातील दुसरे वाक्य मात्र मला मान्य नाही. कोल्हाटी, डोंबारी, गारुडी, बहुरूपी, चित्रकथी या साऱ्या समाजांची नोंद आज राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. ज्यांनी दोरीवर चालण्याचे, तोल सांभाळण्याचे आणि वेशीत वर्तुळ आखून गर्दी जमवण्याचे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्या वाट्याला आपण पसाभर धान्य आणि पुष्कळ हेटाळणी दिली. त्यांच्या लहान मुलांना दोरीवर चढावे लागू नये, त्यांनी शाळेत जावे, यात वाद नाही. परंतु हलगीच्या एका थापेने शंभर माणसे कशी थांबवावीत, हे जाणणारा वयस्क डोंबारी कुठे भेटला, तर आमच्या सुशिक्षित घरातील मुलांनी त्याच्यासमोर बसावे आणि शिकवणीचे रीतसर मानधन द्यावे. नाट्यशिबिरांत हे शिकवत नाहीत. मी अशी अनेक शिबिरे घेतली आहेत, म्हणून सांगतो.

प्रश्न : मी नववीत आहे. मला विदूषक व्हायचे आहे. घरचे म्हणतात की मुलीला लोक हसतील ते बरे दिसत नाही. लाल नाक लावलेच पाहिजे का?
— विद्यार्थिनी, वसमत

उत्तर : नाक लावलेच पाहिजे असे नाही. लकॉक त्याला जगातील सर्वांत छोटा मुखवटा म्हणत, आणि मुखवटा चढवला की चेहऱ्याची सारी हालचाल त्याच्याभोवती गोळा होते. त्यामुळे सरावाला ते उपयोगी पडते. प्रयोगात तुझे नाकच पुरे आहे. वस्तू निवडताना मात्र घाई करू नकोस. तुझ्या दप्तरात किंवा स्वयंपाकघरात अशी एक वस्तू शोध, जी तुझे कधीच ऐकत नाही. सायकलची साखळी, उघडत नसलेला डबा, सारखी गळून पडणारी ओढणी, काहीही चालेल. आठ दिवस तिच्याशी रोज थोडा वेळ भांड, पण तोंडाने नव्हे.

घरच्यांना बेनी हसनच्या भिंतीविषयी सांग. तिथे चेंडू झेलणाऱ्या बायकाच आहेत. प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर तर फळे झेलण्याचा ‘हिको’ नावाचा खेळ मुलींचाच मानला जातो. आणि इतके दूर जायचे नसेल तर आजीला गजगे खेळून दाखवायला सांग. एक गजगा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे दोन उचलायचे आणि तिसरा त्याच हाताने झेलायचा, हे जगलिंगच आहे, आणि ते उखाणे म्हणत, गप्पा मारत चालायचे. गजगे नसतील तर चिंचोके घ्या. तिची हात फिरवण्याची पद्धत नीट पाहून घे. आणि तिच्या हातून एखादा गजगा सुटला, तर ती त्याला काय म्हणते, तेही लिहून ठेव.